‘जीव’ आणि ‘क्विक’

आसावरी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत जर्मन भाषांतरं करायची, पण तिची खरी आवड शब्दांची मुळं शोधण्याची. डोंबिवलीतल्या एका मंडळात तिनं ‘क्विक’ या इंग्रजी शब्दावर भाषण दिलं. त्याचा जुना अर्थ ‘जिवंत’. इंग्रजी आणि जर्मन जिच्यापासून निघाल्या, त्या प्राचीन जर्मॅनिक भाषेतलं त्याचं रूप कुठं लिहिलेलं नाही. नातवंडांच्या तोंडवळ्यावरून आजीचा चेहरा ताडावा, तसं अभ्यासकांनी ते ‘क्विक्वाझ’ असं ताडलंय. जर्मनमधला ‘केक’, म्हणजे धीट, हा त्याचाच वंशज.

“आपला ‘जीव’ही त्याच घराण्यातला,” ती म्हणाली. “पण ‘क्विक’ त्याच्या पोटचा नाही. दोघं चुलत भावंडं.”

आठवड्याभरात मंडळानं टाकलेला भाषणाचा व्हिडिओ फिरू लागला. तो ‘घराण्यातला’ या शब्दावरच कापलेला होता. वर मथळा: ‘इंग्रजी क्विक संस्कृतातूनच! डोंबिवलीच्या विदुषीनं केलं सिद्ध.’

ती तडक कोपरला, मंडळाचे अध्यक्ष हरिहर करंदीकर यांच्या घरी गेली.

“काका, माझं वाक्य अर्ध्यावर का तोडलंत?”

“अगं, चुलत भावंडं कोण ऐकणार? लोकांना अभिमान वाटला. तुझंही नाव झालं.”

“खोट्यावर झालं! मी जे नाही म्हटलं, तेच माझ्या तोंडी घातलंत. काढा तो.”

“एवढी चिडतेस कशाला? चहा घे.”

“चहा नको मला!” ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचं दार उघडलं. करंदीकरांनी व्हिडिओ काढला नाहीच.

घरी बाबा, प्रभाकरराव, फोन घेऊन बसले होते. “आमच्या फिरायच्या ग्रुपवर टाकला मी. सगळे तुझं कौतुक करतायत.”

आसावरीचं डोकं फिरलं. “बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत होतात! मी काय म्हटलं, ऐकलंत ना?”

“ऐकलं. पण इतकं काय बिघडतं?”

“दहा वर्षं घासलीयत मी यात. तुम्हालाही व्हिडिओतली खोटीच मुलगी जास्त आवडते?”

ती आत गेली आणि तिनं दार आपटलं.

थोड्या वेळानं बाहेरून त्यांचा आवाज आला. ते ग्रुपवर बोलून संदेश पाठवत होते. “व्हिडिओ अर्धवट आहे. माझी मुलगी असं म्हणालेली नाही. मी तिथं होतो. चूक माझी.”

लगेच उत्तरं आली. कुणी लिहिलं, मुलीला आपल्या भाषेची लाज वाटते का? हा ग्रुपही करंदीकरच चालवायचे; त्यांनी प्रभाकररावांना त्यातूनच काढलं.

आसावरी दारात आली. राग उतरला नव्हता. “तीस वर्षांचे मित्र ना तुमचे?”

“होते,” प्रभाकरराव म्हणाले. आता तेही चिडले होते. “चल, पूर्ण भाषण आपण घरीच रेकॉर्ड करू. फोन मी धरतो. आणि ते चुलत भावंडांचं सुरुवातीलाच बोल.”