कपेलाभोवतीची नांगरट

ओक झाडांच्या रानातून आग खाली उतरू लागली, तसं गाव रिकामं करायचा हुकूम आला. सगळे रस्त्याला लागले. झुल्मिरा मात्र उलटी कपेलाकडे निघाली. गावाबाहेरच्या त्या जुन्या प्रार्थनाघराची किल्ली नवऱ्यामागे तिच्याच कमरेला असे. दारावर सरदार सोब्राल घराण्याचं चिन्ह असलेली दगडी ढाल, तिच्यावर दोन लांडगे कोरलेले. आत भिंतीभर चित्रं.

वाटेत शेतशेजारी एव्हारिस्तो नांगर जोडलेला ट्रॅक्टर घेऊन निघालेला दिसला. पाटाच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. ती सरळ आडवी उभी राहिली.

"कपेलाभोवतीचं गवत नांगरून टाक. उघड्या मातीवर आग पुढे सरकत नाही."

"आज बरी आठवण झाली माझी! त्या सोब्रालांच्या लांडग्यांसाठी जीव देऊ? माझ्या आज्याची पाठ मोडली त्यांच्या शेतात."

"लांडगे गेले खड्ड्यात! आत बाळ येशूपुढे मेंढपाळ उभे आहेत, ते कोण? चिताऱ्याने आपल्याच गावातली माणसं समोर बसवून रंगवलीत. तो लांब नाकाचा तुमच्या घरातला. तुझी आई त्याला 'आमचा म्हातारा' म्हणायची की नाही?"

एव्हारिस्तोने ट्रॅक्टर कपेलाकडे वळवला. मग गवताच्या कडेला त्याने नांगर खाली सोडला. "हो बाजूला, म्हातारे! चाकाखाली आलीस तर माझ्या नावाने बोंब होईल."

वाळलेलं गवत उलथत गेलं, काळी माती वर आली. धुरात ट्रॅक्टर दिसेना, नुसती घरघर ऐकू येई. ते पाहून रस्त्यावरच्या बायाही माघारी फिरल्या आणि झऱ्यात भिजवलेली पोती घेऊन ठिणग्यांवर तुटून पडल्या. झुल्मिराच्या भुवया होरपळल्या, तरी तिचं पोतं थांबलं नाही.

ज्वाळा नांगरटीपाशी आल्या. क्षणभर उंच उठल्या, इकडून तिकडे धावल्या, आणि खायला काही न मिळाल्याने जागीच बसत गेल्या.

झुल्मिराने दार उघडलं. आत धुराचा वास होता, पण निळा रंग तसाच निळा, मेंढपाळ जागच्या जागी. तिला एकदम रडू फुटलं आणि हसूही.

"आता घंटा वाजव की!" एव्हारिस्तो ओरडला. "का तीही मीच वाजवू?"

तिने दोरी धरली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढली. खालच्या वळणावर थांबलेल्या गावाने घंटा ऐकली. लोक धावत वर येऊ लागले. कुणी टोप्या उडवत होतं, कुणी दारूची सुरई डोक्यावर नाचवत होतं. काजळलेल्या एव्हारिस्तोला त्यांनी खांद्यावर घेतलं. झुल्मिरा घंटा वाजवतच राहिली.