सव्विसावा दिवस

"आधी वाकून बघ गं, मग हात घाल." लहानपणी पाण्याच्या पिंपात काही पडलं की दादा असं म्हणायचा. आई-बाबा दिवसभर कामावर. मला वाढवलं ते त्या आवाजानं.

दादाला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, अँजिओप्लास्टीच्या खोलीत, ड्यूटीवर होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत शिरून आतल्या भिंती दाखवणारा बारीक कॅमेरा चालवणं, हेच माझं काम. मोठे डॉक्टर म्हणाले, घरच्या माणसानं बाहेर थांबावं. मी हट्ट धरला. मग त्यांनी अट घातली, आत राहायचं तर तोंडातून शब्द काढायचा नाही. मी मान डोलावली.

बंद वाहिनी उघडली, जाळीचा स्टेंट बसला. एक्स-रेच्या पडद्यावर रक्त झुळझुळ वाहू लागलं. फक्त स्टेंटच्या एका टोकाशी धुरकट सावली होती, काचेवर श्वासाची वाफ बसावी तशी. कॅमेऱ्याची वायर न उघडलेल्या पाकिटासकट माझ्या हातात होती. डॉक्टर म्हणाले, असू दे, छान दिसतंय. मी ती कपाटात ठेवली.

सव्विसाव्या दिवशी तीच वाहिनी पुन्हा बंद झाली. या खेपेला मला बाहेर बसवलं आणि कॅमेरा आत गेला. चित्रं मी नंतर पाहिली. स्टेंट अर्धाच फुललेला, भिंतीपासून सुटा, ढिल्या बांगडीसारखा. दादा वाचला, हृदयाचा निम्मा जोर गेला. फाइलवर लिहिलं गेलं: रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चुकल्याची शक्यता.

वहिनीला तेवढं पुरलं. आल्यागेल्याला सांगायची, ह्यांना चष्मा कपाळावर असताना सापडत नाही, गोळ्या काय आठवणार! दादा रिकामी पाकिटं चादरीवर मांडून मोजायचा. हिशेब रोज जुळायचा. तरी परवा मला हळूच म्हणाला, "चुकली असेल गं एखादी."

मी पाकिटं आवरून ठेवली. खरं सांगितलं तर वहिनी विचारणार, मग तेव्हा का नाही बोललीस?

आज तिनं माझ्यापुढे चहा ठेवला. "तू आत होतीस म्हणून मी निर्धास्त होते बघ. तू काही कमी केलं नाहीस. ह्यांनीच माती केली."

दादा ओशाळून हसला. गुन्हा कबूल केल्यासारखा.

"वहिनी, त्याची एकही गोळी चुकली नाही," मी म्हटलं. "स्टेंट नीट बसला नसावा, अशी शंका मला त्याच दिवशी आली होती. मी बोलले नाही."