बोरपाड्याची हरकत

परीक्षा संपली की सोनल दरवर्षी पाड्यावर जायची, पण अकरावीनंतरच्या मे महिन्यात ती शिरपूरच्या वसतिगृहातून थेट धुळ्याला गेली. कॉलेजातल्या मॅडमनी सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी तिचं नाव पाठवलं होतं. देवपुरात दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि ज्योत्स्नाताई ते एकहाती चालवत. पर्यावरणाचे कायदे खेड्यातल्या माणसाला कळतील असे सांगायचे, हेच तिथलं काम.

सोनलनं वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना कापायच्या आणि प्रत्येकीचा अर्थ एका पानात सोप्या मराठीत लिहायचा. पहिल्या आठवड्यात तिला धड काही उमगेना. मग जनसुनावणी, हरकत, इतिवृत्त हे शब्द तिच्या तोंडी बसले. मोठी खाण काढायची तर आधी गावाला विचारावं लागतं, गाव बोलेल ते लिहून घ्यावं लागतं, हे वाचून ती हरखून गेली. वहीत तिनं ते दोनदा लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात एक सूचना कापताना तिची कात्री थांबली. बोरपाडा, तालुका शिरपूर. तिचाच पाडा. वरच्या डोंगरावर दगडखाण होणार होती. सूचनेत छापलेल्या खाणीच्या अहवालाच्या सारांशात लिहिलं होतं, ‘डोंगर ओसाड असून जवळपास पाण्याचा स्रोत नाही.’

“ताई, आमचा झिरा तिथंच आहे,” सोनल म्हणाली. “अख्खा पाडा त्याचं पाणी पितो.”

“मग हे सुनावणीत सांगायचं,” ताई म्हणाल्या. “जा घरी. लोकांना तयार कर.”

पाड्यावर खाणीची कुणकुण आधीच लागली होती. सोनलची आई दिवालीबाई आणि बायकांनी ठरवूनही टाकलं होतं. सुनावणीला जायचं नाही, मशीन आलं की वाटेत बसायचं.

“कागदाच्या जागी आपलं काय चालतं?” दिवालीबाई पावरी बोलीत म्हणाली. “वाटेत बसलो तर निदान दिसू तरी.”

“आई, या वेळी कायदा आपल्या बाजूनं आहे. आपण बोलू ते त्यांना लिहावंच लागतं. शेवटी वाचूनही दाखवतात.”

“आणि मग?”

“मग विचारतात, बरोबर आहे का. तेव्हा कबूल म्हणायचं.”

तीन दिवस सोनल घरोघरी फिरली. झिऱ्याचे फोटो काढले, मोहाची झाडं मोजली, ती दोनशे चौदा भरली. तिच्या शब्दाखातर बायका यायला तयार झाल्या. आदल्या दिवशी ताईंचा फोन आला, त्याच तारखेला पाचोऱ्याकडेही एक सुनावणी निघाली होती. “तू आहेस ना तिथं,” त्या म्हणाल्या. सोनलला त्या वाक्याचा अभिमान वाटला.

गिरधरभाऊच्या जीपच्या दोन खेपा करून सगळे सडकेवरच्या शाळेपुढं घातलेल्या सुनावणीच्या मंडपात पोचले. दिवालीबाई पहिल्यांदाच माईकसमोर उभी राहिली. आधी आवाज निघेना, मग थांबेना. झिरा कधी आटला नाही ते तिनं सांगितलं. मोहाची फुलं वेचून पोरं शिकवली ते सांगितलं. “डोंगर फोडू नका, आम्हाला दुसरं काही नको,” म्हणाली. सोनल एकेक वाक्य मराठीत सांगत होती. टेबलाशी बसलेला कारकून मान खाली घालून लिहीत होता.

दुपार टळत आली तशी म्हाताऱ्या रूपाकाकूला उन्हानं भोवळ आली. सोनलनं तिला धरून शाळेच्या हापशावर नेलं, डोक्यावर पाणी घातलं, सावलीत बसवलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. ती परतली तेव्हा लोक उठत होते.

“बठ्ठं बराबर व्हयनं ना?” गिरधरभाऊनं अहिराणीत विचारलं, सगळं बरोबर झालं ना.

“त्यांनी वाचलं, आम्ही कबूल म्हटलं,” दिवालीबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “तू सांगितलं होतंस तसंच.”

इतिवृत्ताची प्रत दहा दिवसांनी धुळ्याला आली. सोनलनं उभ्याउभ्याच वाचली. ‘बोरपाडा येथील महिलांनी रोजगार व टँकरच्या पाण्याची मागणी केली. प्रकल्पास तत्त्वतः हरकत नाही. वाचून दाखवले, उपस्थितांनी मान्य केले.’ झिऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. तिनं कागद ताईंपुढं ठेवला.

“चूक माझी,” ज्योत्स्नाताई तो वाचून म्हणाल्या. “सोळा वर्षांच्या मुलीवर टाकून गेले मी.”

त्यांनी लेखी हरकत पाठवली, सोबत फोटो जोडले. उत्तर दोन ओळींचं आलं, इतिवृत्त जागेवरच मान्य झालेलं आहे. पुढे मंजुरी निघाली. ताईंनी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील केलं. तिथं नुसत्या तारखा पडत राहिल्या.

दिवाळीनंतर मशीन आलं. बायका वाटेत बसल्याच. फौजदारानं कागद काढून नावं वाचली. पहिलंच नाव दिवालीबाईचं होतं. “तुम्हीच मान्य केलंय ना, बाई?” तो म्हणाला, शांतपणेच. दिवालीबाईनं त्या कागदाकडं बघितलं. मग उठली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या.

माघात सोनल दोन दिवसांसाठी घरी आली तेव्हा झिऱ्यात ओला चिखल तेवढा होता. आई दोन मैलांवरच्या नदीवरून हंडा घेऊन आली. सोनल पुढं झाली, हंडा उतरवला, आणि तिथंच रडायला लागली.

“आई, वाचतील ते नीट ऐकायचं, चुकीचं असेल तर नाही म्हणायचं, हे मी सांगितलंच नव्हतं गं.”

“मला ते मराठी तरी कुठं कळत होतं,” दिवालीबाई म्हणाली. “तू लहान आहेस. चल, भाकरी खा.”

कुणीही तिला बोल लावला नाही. रूपाकाकूनं तर जवळ घेऊन तोंडावरून हात फिरवला. जेवणानंतर काकूच्या कमरेला खोचलेलं, तलाठ्याकडून आलेलं पाकीट सोनलला दिसलं. पूर्वी पाड्यावर कुठलंही पत्र आलं की आधी सोनलच्या हातात यायचं.

“काकू, आणा, वाचून दाखवते.”

काकूनं पाकीट लुगड्यात आणखी आत सारलं. “राहू दे बाय,” ती हळूच म्हणाली, “तुझी परीक्षा जवळ आली ना. गिरधर जाणार आहे शिरपूरला, तिकडं कुणाला तरी दाखवेल तो.”