टॉवेलांखालची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. केशकर्तनालयाच्या कोपऱ्यात, टॉवेलांच्या ढिगाखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, नीट शोधलंत तर दिसेन.

मला घडवणाऱ्या सुताराने माझे पाय मुद्दाम जाड ठेवले. वस्तऱ्याखाली मान देणारा माणूस निर्धास्त बसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. आमच्या मालकांच्या वडिलांच्या काळात मीच या दुकानाची शान होते. रडत आलेली लहान मुलं माझ्या हातांवर ठेवलेल्या फळीवर बसायची आणि उतरताना आरशात बघून हसायची. "खुर्ची असावी तर अशी, जरा म्हणून डुगडुगत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची. मग फिरती खुर्ची आली. लाल गादी, चकचकीत दांडा, बोट लावलं की गरकन फिरणार. नव्याची नवलाई! मला भिंतीला लावलं आणि माझ्यावर टॉवेल पडू लागले. त्याचंही मी मनाला लावून घेतलं नाही. मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा.

आमच्या मालकांना मधुमेह आहे. त्यांच्या तळपायांना आता स्पर्श नीट कळत नाही. एकदा तुटक्या कंगव्याचा दात बुटात शिरून दिवसभर टोचत राहिला, तरी त्यांना पत्ता नाही. संध्याकाळी मोज्यावरचं रक्त त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना दिसलं. डॉक्टरांनी मालकांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी सांगितलं, न हलणारी जड वस्तू धरा, एक पाय जरासा उचला, मग दुसरा, आणि शेजारी कुणीतरी उभं असू द्या. यात न समजण्यासारखं काय होतं, सांगा! पण मालक दुकानात येऊन म्हणाले, "जन्म गेला माझा उभ्याने धंदा करण्यात, आणि ह्या मला उभं राहायला शिकवणार!" पालथ्या घड्यावर पाणी.

मला मात्र कोपऱ्यातून सगळं दिसत होतं. दाढी करताना मालकांचा डावा हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर असायचा. तो तसा सगळ्याच कारागिरांचा असतो, पण डोकं वळवण्यापुरता. आमचे मालक त्या डोक्यावर भार टाकून स्वतःचा तोल सांभाळायचे. आणि नेहमी दाढीला येणारे शाळेतले मास्तर डोळे मिटून कौतुक करायचे, "काय वजनदार हात आहे, झोपच येते!" झोपा खुशाल. उजव्या हातातला वस्तरा बघून माझ्या जिवाचं पाणी व्हायचं.

एका दुपारी वहिनी धुवायचे टॉवेल न्यायला आल्या.

"अहो, आत्ता गिऱ्हाईक नाही. करा बघू व्यायाम. मी आहे इथे."

"करतो बाई, करतो!"

आणि धरलं काय? फिरत्या खुर्चीची पाठ! मी हाताच्या अंतरावर होते.

"अहो, ती फिरते!"

"माझी खुर्ची मला शिकवतेस?"

त्यांनी पाय उचलला, खुर्ची फिरली आणि मालक खाली पडलेल्या केसांमध्ये धप्पकन बसले. पण पडलो तरी नाक वर. "फरशी ओली होती," म्हणाले. फरशी कोरडी ठणठणीत होती. वहिनींनी घाबरून त्यांचे हातपाय चाचपले. मोडलं काही नव्हतं. मग त्या तिथेच बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"उद्या हातात वस्तरा असताना असं झालं तर? मास्तरांची मान असेल त्याच्याखाली."

वहिनींनी वस्तरा मिटला आणि पर्समध्ये टाकला.

"पाय सावरेपर्यंत नुसती कात्री चालवा."

"अगं, माझ्या वडिलांचा वस्तरा आहे तो."

"म्हणूनच. त्याला डाग लागायला नको."

मग मालक उठले आणि माझ्यावरचे टॉवेल उचलू लागले. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते फिरत्या खुर्चीवर ठेवले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्यांनी माझी पाठ धरली. मी जागची हलले नाही.

त्यानंतर रोज दुपारी ते व्यायाम करू लागले. वहिनी शेजारी उभ्या राहायच्या आणि मालक कुरकुरायचे. तळपाय अजून बधिरच आहेत, त्यामुळे बूट घालण्याआधी ते आत हात फिरवून बघतात. पण पाऊल ठाम पडू लागलं, आणि व्यायामाच्या बाईंनी होकार दिल्यावर वहिनींनी वस्तरा परत दिला. त्याच्याखाली पहिले बसले ते मास्तर. मालकांनी बोटांनी त्यांचं डोकं हलकेच वळवलं आणि हात काढून घेतला. मास्तरांनी एक डोळा उघडला.

"आज हात हलका लागतोय. तब्येत बरी आहे ना?"

"आत्ता कुठे बरी आहे, मास्तर," मालक म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी चालताना भिंत चाचपत असेल, बोलता बोलता तुमच्या खांद्यावर भार टाकत असेल. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्यांना विचारा, डॉक्टरांकडे न्या, व्यायामाच्या वेळी शेजारी उभे राहा. धरायला माझ्यासारखी एखादी खुर्ची घरात असेलच. फक्त आधी तिच्यावरचे टॉवेल काढा.