किती मुंग्या लागतात

सोळा नंबरच्या ट्रेमधली राणी मेली होती. डोकं, छाती, पोट, तिन्ही वेगवेगळे, कागदावर नीट मांडून माझ्या टेबलावर ठेवलेले. माझ्याकडची ती शेवटची एकराणी वसाहत. शिष्यवृत्ती महिनाअखेर संपते आणि नवी राणी पुढच्या हंगामाशिवाय मिळत नाही.

आगमुंग्यांच्या वारुळात एक राणी नांदेल की अनेक, हे राणीच्या हातात नसतं. ते कामकरी ठरवतात, आणि तेही त्यांच्या एका गुणसूत्रामुळे. अनेकराणी वारुळातल्या बऱ्याच कामकऱ्यांत त्याचा निराळा प्रकार असतो. तो जिच्यात नाही, त्या राणीला अशा कामकरी वासावरून ओळखून फाडतात. अशा किती जणी एकराणी वसाहतीत घुसल्या की पारडं फिरतं, एवढंच मला शोधायचं होतं. तीन वर्षं गेली. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "आमची सून मुंग्यांच्या भाऊबंदकीवर शिकते." सांगोत बापड्या.

"काका, सोळाला हात कोणी लावला?"

काका म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. मुंग्यांना खाऊपिऊ घालण्यात बावीस वर्षं गेली त्यांची.

"मीच की, ताई. परवा बघतो तर आत कामाला माणसंच नाहीत. शेजारी सतरात ही गर्दी! म्हटलं, तिकडच्या थोड्या इकडे घालाव्यात."

सतरा म्हणजे अनेकराणी. माझं डोकंच फिरलं. सोळात मी मुद्दाम कमी ठेवल्या होत्या. आज मोजून घालणार होते. तोंडाला येईल ते बोलले. आणि बोलता बोलता थबकले. अहो, प्रयोग तर झालाच की! राणी मेली म्हणजे तेवढ्या पुरल्या.

"किती घातल्यात?"

"थोड्याच."

"थोड्या म्हणजे?"

"चमचाभर. जरा शीग होती."

"मोजल्या नाहीत?"

"मीठ काय मोजून घालतात, ताई?"

हरकत नाही, म्हटलं. सोळातल्या एकूण एक मुंगीचं गुणसूत्र तपासू, आकडा निघेल. मी झाकण उघडलं. आत एकही मुंगी नव्हती.

"काका, या गेल्या कुठे?"

"राणी गेली, बिचाऱ्या पोरक्या झाल्या. बघवेना. सकाळीच सगळ्यांना सतरात सोडलं." मग मान डोलावून म्हणाले, "एका तासात मिसळल्या बघा. आता कोण कुठली, ओळखू येत नाही."