खुर्चीची पालखी

शेवंतीला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी परळला न्यावं लागे. लालबागची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि गल्लीत गाडी शिरत नाही. सुरुवातीला तिच्या नवऱ्यानं, रघुनाथ साळसकरांनी, तिला पाठीवर घेऊन पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर त्यांचे गुडघे वाकले आणि दोघं पायरीवरच बसून राहिली. कुणाला हाक मारायची म्हणजे तोंड उघडायला हवं. ते त्यांना कधीच जमलं नव्हतं.

त्या पायरीवर त्यांना वैभवनं पाहिलं. वैभव खालच्या मजल्यावरचा, चौकातल्या संघटनेचा प्रमुख. त्यानं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं चार पोरं एक लाकडी खुर्ची आणि दोन बांबू घेऊन आली. सगळी कोकणातली, शिमग्याला गावी जाऊन देवीची पालखी नाचवणारी. बांबू कसे आवळायचे, जिन्याच्या वळणावर पुढच्यानं खांदा कसा पाडायचा, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

"काकी, नाचवू काय?"

"नाचवा मेल्यांनो, पण सांडू नका."

गल्लीच्या तोंडाशी काशीबाई मासे विकायला बसे. खुर्ची आली की पाटी बाजूला सारून ती शेवंतीवरून रिकामा हात ओवाळी.

"आयली गो देवी. काय मागू तुझ्याकडे?"

"आधी बांगडे स्वस्त कर, मग माग."

गावी पालखी मानाच्या घरापुढे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. तशी ही खुर्चीही तिथे थांबे. मग नाक्यावर उभ्या असलेल्या संघटनेच्या गाडीत शेवंतीला बसवत.

दोन वर्षांपूर्वी शनिवारच्या आरतीला चौकात जेमतेम दहा माणसं असत. आता रस्ता अडतो. भाषणं ऐकून कुणी आलं नव्हतं. कुणाला रक्ताची बाटली मिळाली, कुणाच्या मुलीला शाळेत प्रवेश, कुणाच्या घरी मयत झालं तेव्हा पोरांनी बांबूपासून मडक्यापर्यंत सगळं आणलं. ज्या दारात वैभवची पोरं येऊन गेली त्या दारावर महिन्याभरात झेंडा दिसे. लावा म्हणून कुणी सांगत नसे. साळसकरांच्या दारावरचा शेवंतीनं लावला होता.

गुरुवारी वैभव घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काका, आपण गल्लीच्या तोंडाशी देऊळ बांधलं. दारात मासळी बरी दिसत नाही. उद्या सभा आहे. तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही कधी बोलत नाही, म्हणून तुमचं लोक ऐकतील."

"काशीबाई देवळाच्या आधीपासून बसते रे."

"मी कुठे नाही म्हणतो? मागे कुठे जागा बघू की तिला." तो उठला. "काकींचं परवा आहे ना? पोरं येतीलच."

यात धमकी होती का, हे रघुनाथांना ठरवता येईना. वैभवच्या चेहऱ्यावर तरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते शेजारी राजेशकडे गेले. खुर्चीचा मागचा डावा खांदा राजेशचाच असे.

"उद्या वैभवनं नाही सांगितलं, तरी येशील का रे?"

"का नाही सांगणार?" राजेशनं आवाज खाली आणला. "काका, तुम्ही त्याला काही बोललात का?"

"नाही. समज, नाही सांगितलं."

"मी एकटा येऊन काय करणार? बाकीचे यायला हवेत ना. तो बोलला की सगळे येतात." मागून त्याची बायको दर्शना म्हणाली, "उगाच कशाला वाकड्यात शिरता काका? काकींकडे बघा."

याच जिन्यावरून रघुनाथांच्या आजारी आईला खाली नेलं होतं, तेव्हा राजेशचे वडील अर्ध्या जेवणावरून उठून आले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हात त्याच घरातले होते. आता ते वैभवच्या शब्दाची वाट बघत होते.

सभेला जाताना रघुनाथांनी एकच वाक्य मनात घोकलं: काशीबाईला बसू द्या. माईक हातात आला. गर्दीच्या मागे काशीबाई रिकामी पाटी कमरेवर घेऊन उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी तोंड उघडलं. शेवंतीची सुजलेली पावलं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. वाक्य घशातच राहिलं.

वैभवनं हळूच माईक घेतला. "काकांचा कंठ दाटून आलाय. पण त्यांना काय म्हणायचंय ते आपल्याला कळलं."

टाळ्या वाजल्या. काशीबाई केव्हा गेली ते त्यांना दिसलं नाही.

शनिवारी पोरं वेळेवर आली. जिन्यात थट्टा झाली, शेवंती हसली. गल्लीच्या तोंडाशी चौघांचे पाय आपोआप थांबले. जमीन धुतलेली होती, फिनेलचा वास येत होता.

"काशी खंय गेली?" शेवंतीनं विचारलं.

राजेश मान वळवून रघुनाथांकडे बघू लागला. मग बाकीच्यांनीही बघितलं. शेवंतीनं सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि मग नवऱ्याचा पाहिला.

"खुर्ची फिरवा," ती म्हणाली. "मला घरी न्या."

"काकी, मशीनची वेळ..."

"फिरवा म्हणतंय ना."

पोरं गोंधळली. पालखीला वळायचं असेल तर खांदेकऱ्यांनी अडवायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पुढचे दोघे वळायलाही लागले. परतीला तिसरा मजला होता आणि मग सोमवारपर्यंत मशीन मिळणार नव्हतं. तिचं अंग आताच फुगलेलं होतं.

रघुनाथ पुढे झाले. त्यांनी पुढच्या पोराला बाजूला सारलं, बांबूखाली स्वतःचा खांदा घातला आणि नाक्याकडे ओढ घेतली.

"चला," ते ओरडले.

काल माईकवर न फुटलेला आवाज गल्लीभर गेला. खुर्ची हलली. शेवंतीनं डोळे मिटून घेतले. पोरांना हायसं वाटलं आणि त्यांनी सवयीनं संघटनेचा जयजयकार केला. बांबू खांद्यात रुतत होता, पाय पुढे टाकायला काहीतरी ठेका हवा होता. दुसऱ्या जयजयकाराला रघुनाथांचाही आवाज त्यात होता.