पिवळी माती

तिने बुटाचा तळ उजेडाकडे वळवला, खाचेत अडकलेला खडा काडीने उचकटून काढला आणि म्हणाली, "शिखरावर गेला होतात. उतरताना घाई केलीत आणि एकदा चांगलेच आपटलात."

समोरच्या माणसाने आधी बुटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पँटच्या मागच्या बाजूवर हात फिरवला.

"बुटावरून कळतं?"

"शिखराचं बुटावरून. आपटल्याचं मघाशी तुमच्या बायकोने तिकिटाच्या खिडकीवर सांगितलं."

बायको हसली, तोही हसला. तिने ब्रश औषधाच्या पाण्यात बुडवला आणि दुसरा बूट पुढे करायला सांगितलं. सकाळपासूनचा हा बासष्टावा जोड.

जंगलाच्या तोंडाशीच तिची जागा होती. एक बाकडं, पाय टेकायला लाकडी ठोकळा, चार ब्रश आणि गुलाबी औषधाने भरलेला पसरट ट्रे. आत जाणाऱ्याचे आणि बाहेर येणाऱ्याचे, सगळ्यांचे बूट तिच्या हाताखालून जायचे. झाडांची मुळं कुजवणारा एक रोग मातीतून पसरत होता, आणि माती माणसांच्या पायांनी हिंडत होती. सहा वर्षं हेच काम केल्यावर तिला माती वाचता यायला लागली होती. धबधब्याची करडी, तिच्यात अभ्रकाची चमक. दाट रानातली काळी, पानांचा चुरा घेऊन येणारी. शिखराची तांबूस आणि खरबरीत, खाचेत रुतली की काडीशिवाय हलत नाही.

दुपारी रेंजर आला. त्याच्या हातात एक छोटी पिशवी होती, आणि पिशवीत चिमूटभर पिवळी माती.

"धबधब्याच्या कठड्यापाशी सापडली," तो म्हणाला. "पायाच्या ठशात."

ती माती तिने हातात घेतली नाही. लांबूनच ओळखली. पिवळी चिकण माती फक्त जुन्या वाटेवर होती, आणि जुनी वाट दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. तिथली अर्धी झाडं उभ्या उभ्या वाळली होती.

"कोणीतरी मागच्या बाजूने शिरतंय," रेंजर म्हणाला. "कुंपणातून. धबधब्याजवळच्या मोठ्या झाडांना रोग लागला, तर ही वाटही बंद करावी लागेल. मग ना तिकीट, ना तू, ना मी. जरा नजर ठेव."

"मागून येणारा माझ्याकडे कशाला येईल?"

"तेही खरंच," तो म्हणाला आणि पिशवी खिशात घालून निघून गेला.

घर चालत वीस मिनिटांवर, कामगारांच्या वसाहतीत शेवटचं. नवरा ट्रक घेऊन गेलेला, परवापर्यंत येणार नव्हता. दार उघडताच पावणेचार वर्षांचा ढब्बू पायांना येऊन चिकटला. ती उंबऱ्यात बसली, त्याला मांडीवर घेतलं आणि सवयीने त्याचा एक पाय वर उचलला. आईने लेकराचे पाय बघायचे, तसं नाही. दिवसभर बघते तसं.

बूट वरून पुसलेला होता. चांगला पुसला होता, कडाही ओल्या फडक्याने फिरवून घेतल्या होत्या. पण बोटभर तळाच्या बारीक खाचांमध्ये पिवळी माती राहून गेली होती.

तिने केसातली पिन काढली आणि एक खाच कोरून पाहिली. मग मागच्या दारी गेली. सासूबाईंचे बूट उन्हात उपडे घातले होते, अजून ओले.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या.

"आई, गुडघे कसे आहेत?"

"कसे असणार? माझे आहेत, जातील कुठे."

"मागच्या महिन्यात म्हणालात, ढब्बूला समोरच्या मैदानात न्यायलाही होत नाही."

"मैदानात काय आहे न्यायला? धूळ." सुरी थांबली नाही. "आणि मैदानात त्या तिघी बसतात. त्यांच्या सुनांचं पुराण ऐकायचं, म्हणजे आपणही काहीतरी द्यावं लागतं. माझ्याकडे द्यायला काही नाही."

तिने ढब्बूचा बूट ओट्यावर, भाजीपासून हातभर लांब, उपडा ठेवला.

सासूबाईंनी बुटाकडे पाहिलं. मग सुरी खाली ठेवली, आणि हात पदराला पुसत बसल्या.

"पुसला होता मी."

"तळ पुसून निघत नाही. ब्रश लागतो."

"धोऽऽ," ढब्बू मध्येच म्हणाला आणि दोन्ही हात डोक्यावरून खाली आणले. "पाणी पडतं. आजी, पाणी पडतं ना?"

तो तिला धबधबा दाखवत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. हा पोटात सहा महिन्यांचा होता तेव्हा ती शेवटची कठड्यापाशी गेली होती. बाळ झालं की घेऊन येऊ, असं तेव्हा तिकीटवालीला म्हणाली होती. मग रोज जंगलाच्या तोंडाशी बसून राहिली. साठ-सत्तर जोड आत सोडायचे, साठ-सत्तर बाहेर काढायचे, आणि घरी.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"महिना झाला. आठवड्यातून दोनदा." सासूबाई हातातला भाजीचा देठ सोलत बसल्या. "एकशे बारा पायऱ्या आहेत त्या वाटेवर. एकेक दगड ह्यांनी बसवलेला. बत्तीस माणसं हाताखाली होती, तरी पायरीचा दगड दुसऱ्याला लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, पायरी डगमगली तर शिव्या मला बसतात. आणि मी? मी खाली त्या बत्तीस जणांचा स्वयंपाक करत होते. वाट पुरी झाली, तेव्हा गुडघे गेले. हे गेले, आणि वाटही बंद."

"मग आता कशा चढता?"

"बसत बसत. याला चाळीसपर्यंत मोजता येतं. चाळीस झाले की बसायचं, पुन्हा एकपासून."

मुलाला चाळीसपर्यंत मोजता येतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती खाली बसली आणि त्यांना सांगितलं. रागावून नाही, रोज नवख्या माणसाला सांगायची तसंच: रोग मातीत असतो, दिसत नाही, खाचेत बसून येतो. जुन्या वाटेवरची झाडं गेलीच. आता तीच माती कठड्यापर्यंत पोचली आहे.

सासूबाईंनी ओट्यावरच्या बुटाकडे पुन्हा पाहिलं.

"म्हणजे मीच नेली."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू इतकी वर्षं बूट घासतेस. मला वाटायचं, आत घाण नको म्हणून घासतेस. फरशी खराब होऊ नये तसं." त्या उठल्या, पुन्हा सुरी घेतली, पुन्हा ठेवली. "आता नाही जाणार."

"जा ना. गेटने जा. कठड्यापाशी उजवीकडे वाकून पाहिलं, की जुन्या वाटेच्या खालच्या नऊ पायऱ्या दिसतात."

"नऊ," सासूबाई म्हणाल्या. नऊ म्हणजे कमी की पुरे, ते त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. "आणि तुझ्या त्या रेंजरला काय सांगशील?"

तिने ढब्बूचा बूट ओट्यावरून उचलला. रात्रीचं जेवण तिघांनी उरकलं. झोपण्याआधी तिने दोन्ही जोड औषधात भिजवले, खाच न खाच घासली आणि ते पाणी अंगणात न ओतता झाकणाच्या बादलीत भरून ठेवलं.

सकाळी रेंजर बाकड्यापाशीच भेटला.

"काही लागला माग?"

बादली तिच्या पायाशी होती. हो म्हणावं की नाही, याचा विचार वाटेत करून झाला होता, आणि वीस मिनिटांत दोन्हीकडून होऊन पुन्हा जिथल्या तिथे आला होता.

"लागला," ती म्हणाली. "माझ्या घरचेच बूट आहेत. दोन जोड. एक फार लहान."

रेंजर बादलीकडे पाहत राहिला. उमेदवारीच्या दिवसांत तो त्याच बत्तीस जणांतला एक होता. पायऱ्यांसाठी दगड वाहिले होते.

"म्हातारी चढली एकशे बारा?"

"बसत बसत."

"कुंपण आजच शिवून घेतो," तो म्हणाला. "आणि नोंद करावी लागेल मला."

"करा."

त्याने वही काढली, तारीख घातली, आणि बराच वेळ पेन तसंच धरून राहिला. शेवटी त्याने काय लिहिलं, ते तिने वाकून पाहिलं नाही. माणसं यायला लागली होती.

अकराच्या सुमारास रांगेत तिला ओळखीचं लुगडं दिसलं. सासूबाई मध्ये कुठे घुसल्या नव्हत्या. ढब्बूचं बोट धरून, खांद्याला पिशवी लावून, सात माणसांच्या मागे उभ्या होत्या. पाळी आली तेव्हा त्यांनी ठोकळ्यावर पाय ठेवला.

"नीट घास. टाचेत राहतं."

"राहत नाही. काल घासलंय."

"तरी घास. लोक बघतायत."

तिने घासले. आधी त्यांचे, मग ढब्बूचे. ढब्बू प्रत्येक ब्रशाला हसत होता. ती पुढच्या माणसाला हाक मारणार, तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून आणखी एक जोड काढून बाकड्यावर ठेवला. माळ्यावर पडलेले तिचे स्वतःचे बूट. कातड्याला तेल लावलं होतं, नाड्या नव्या होत्या.

"तिकिटं तीन काढलीत," सासूबाई म्हणाल्या. तिच्याकडे न बघता.

"आई, कामावर आहे मी."

रेंजर खिडकीपाशी तिकीटवालीशी बोलत उभा होता. तो आला, बाही वर केली आणि तिच्यापुढे हात पसरला. त्याला काय हवंय, ते तिला क्षणभर उमजलं नाही. मग तिने ब्रश त्याच्या हातात दिला.

बाकड्याच्या त्या बाजूला ती कधी बसली नव्हती. नाड्या बांधून तिने पाय ठोकळ्यावर ठेवला. रेंजरने तळ उजेडाकडे वळवला, काडीने खाच उकरली. वाळकी करडी माती भुरभुरत ट्रेमध्ये पडली, आणि उन्हात जराशी चमकली.

"धबधब्याची आहे," तो म्हणाला.

"जुनी आहे," ती म्हणाली, आणि दुसरा पाय पुढे केला.